खायफंगचा घटिकामनोरा

इ. स. १०७७ च्या हिवाळ्यात चीनच्या सुंग दरबाराचा एक वकील, उत्तरेकडील ल्याओ राज्याच्या बादशहासाठी वाढदिवसाच्या अभिनंदनाचा खलिता घेऊन, खितान लोकांच्या मुलखात दाखल झाला. त्याचे नाव सू सुंग. (त्याच्या नावातील ‘सुंग’ आणि राजघराण्याचे ‘सुंग’ हे शब्द उच्चाराने एक असले तरी चिनी लिपीत त्यांची अक्षरे निराळी आहेत.) त्याच्या मुक्कामातच दक्षिणायन संपण्याचा दिवस आला. त्या दिवशी परस्परांचे अभिनंदन करण्याचा शिरस्ता दोन्ही दरबारांत होता. पण सुंगांच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस उजाडला तेव्हा खितानांच्या पंचांगात त्याला अजून एक दिवस अवकाश होता. यजमानांनी विचारले, खरे पंचांग कोणाचे? वकिलाने शांतपणे उत्तर दिले की, ज्योतिषांच्या गणितात थोडेबहुत अंतर राहतेच, आणि संक्रमणाचा क्षण मध्यरात्रीच्या आसपास पडला म्हणजे चार घटकांच्या फरकाने दिवस बदलतो. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या पंचांगाप्रमाणे सण करावा हे बरे. खितानांना यावर बोलायला जागा उरली नाही. परंतु मायदेशी परतल्यावर सम्राट शन-त्सुंगने तोच प्रश्न केला, तेव्हा सू सुंगने काहीही न लपवता सांगितले, की चूक आपल्या पंचांगाची होती. ज्योतिष खात्यातील अधिकाऱ्यांना शासन झाले.

शं. बा. दीक्षितांच्या ग्रंथामुळे ज्यांना आपल्याकडील पंचांगशोधनाचे वाद ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकांना एका दिवसाची चूक म्हणजे काय हे सांगावयास नको. चीनमध्ये तर तिचे गांभीर्य याहून फार मोठे होते. तेथील समजुतीप्रमाणे सम्राट हा स्वर्गाच्या आज्ञेने राज्य करणारा. ऋतू, ग्रहणे आणि पेरणीचे दिवस प्रजेला अचूक सांगणे हे त्याच्या अधिकाराचे प्रत्यक्ष प्रमाण. आणि शेजारच्या राजाने चीनचे पंचांग स्वीकारणे म्हणजे चीनचे वर्चस्व मान्य करणे. म्हणून पंचांग करणे हे राजमुद्रेइतकेच दरबाराच्या खास हक्कातले काम होते, आणि हा हक्क किती कडकपणे राखला जात असे याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. सुंग घराण्याच्या दुसऱ्या सम्राटाने ९७७ साली प्रांतोप्रांतीच्या ज्योतिषज्ञांना राजधानीत हजर करविले. असे ३५१ इसम जमा झाले. त्यांची परीक्षा घेऊन ६८ जणांना सरकारी ज्योतिष खात्यात चाकरी मिळाली. उरलेल्यांच्या चेहऱ्यावर गोंदण गोंदून त्यांना समुद्रातील बेटावर हद्दपार करण्यात आले. त्यांचा अपराध एवढाच, की जे ज्ञान सरकारच्या पेटीत असावयास हवे ते त्यांच्या डोक्यात होते. उलट खितानांच्या राज्यात अशी बंदी नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे गणित अधिक बिनचूक उतरत असे, अशी नोंद खुद्द सुंगकालीन चिनी लेखकाने करून ठेवली आहे. ती लिहिताना त्याला काय वाटले असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आणि तरीही केवळ बंदीच्या कथा सांगून चीनच्या विज्ञानाचा इतिहास सांगितला असे म्हणता येणार नाही. कारण ज्या सरकारी यंत्रणेने ज्ञानाला कुलूप घातले तिच्याच बळावर अशी कामे उभी राहिली की जी एकट्यादुकट्या पंडिताच्या आवाक्यातली नव्हती. हाच सू सुंग तरुणपणी औषधी वनस्पतींच्या एका सचित्र ग्रंथाचा संपादक होता. १०५८ साली दरबाराने साऱ्या परगण्यांना फर्मान काढले, की आपल्या मुलखातील औषधी वनस्पती, खनिजे व प्राणी यांची वर्णने, चित्रे आणि नमुने राजधानीस पाठवावेत. गावोगावचे वैदू आणि कुळंबी यांच्या तोंडची माहिती कारकुनांच्या लेखणीतून खायफंगच्या दप्तरात येऊन पडली, आणि १०६१ मध्ये ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्याही आधी, आठव्या शतकात, थांग घराण्याच्या ज्योतिष खात्यात गौतम नावाचे एक भारतीय कुळ पिढ्यान्‌पिढ्या अधिकारावर होते, आणि त्यातील गौतम सिद्ध याने ७१८ साली भारतीय पद्धतीचा गणितग्रंथ चिनी भाषेत उतरवून शून्याचे चिन्हही तेथे नेले. असा परका विद्वान सामावून घेण्याइतके ते दप्तर विशाल होते.

पण दप्तराचे दोषही दप्तराबरोबरच येतात. सू सुंगचा समकालीन शन ख्वो हा अकराव्या शतकातील चीनचा बहुधा सर्वांत चौकस बुद्धीचा माणूस. लोहचुंबकाची सुई नेमकी दक्षिणेकडे न राहता किंचित पूर्वेकडे झुकते हे त्याने लिहून ठेवले आहे. १०७२ मध्ये ज्योतिष खात्याचा कारभार त्याच्याकडे आला. एकाच्या वेधांची दुसऱ्याने शहानिशा करावी म्हणून राजधानीत दोन वेधशाळा होत्या, एक राजवाड्यात आणि दुसरी बाहेर. त्याने पाहिले, की दोन्हीकडचे नोकर संगनमताने एकमेकांची टिपणे उतरवून काढीत, आणि दोन्ही अहवाल जुळले म्हणून वरिष्ठ समाधान पावत. त्याने वेइ फू नावाच्या एका सामान्य कुळातील, कोणतीही परीक्षा न दिलेल्या गणितज्ञाला हाताशी धरले आणि रात्रीतून तीन वेळा, सलग पाच वर्षे ग्रहांचे वेध घेण्याची योजना आखली. खात्यातील मंडळींनी ती चालू दिली नाही. १०७५ मध्ये नवे पंचांग अमलात आले खरे, पण वेधांचे काम अर्धेच राहिले. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी सू सुंगवर खितानांच्या छावणीतला तो प्रसंग आला.

तो अपमान सू सुंग विसरला नसावा. १०८६ साली नवे खगोलयंत्र उभारण्याची आज्ञा त्याला झाली, तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती माणूस शोधण्याची. नेमणुकांच्या खात्यात हान गुंग-ल्यान नावाचा एक कनिष्ठ कारकून होता. त्याला जुन्या गणितग्रंथांतील काटकोन त्रिकोणाची प्रकरणे उत्तम अवगत होती. सू सुंगने त्याच्याशी पूर्वीच्या यंत्रांविषयी चर्चा केली, तेव्हा या कारकुनाने काही दिवसांनी एक संपूर्ण गणितप्रबंध आणि लाकडी चक्राचा नमुनाच आणून समोर ठेवला. पुढचे सारे काम या दोघांचे. १०८८ मध्ये पूर्ण आकाराचा लाकडी मनोरा तयार होऊन त्याची चाचणी झाली, आणि मगच कांस्याचे ओतकाम हाती घेण्यात आले. कामाची ही शिस्त पाहून मन प्रसन्न होते.

मनोरा सुमारे ४० फूट उंचीचा होता. माथ्यावरच्या उघड्या गच्चीत ग्रहांचे वेध घेण्याचे कांस्याचे गोलयंत्र, मधल्या मजल्यावर तारे कोरलेला खगोल, आणि दर्शनी बाजूस पाच मजल्यांचा लाकडी देव्हारा. त्या देव्हाऱ्याच्या दारांतून तांबड्या, हिरव्या आणि जांभळ्या पोशाखांतील शंभराहून अधिक बाहुल्या आळीपाळीने बाहेर येत. कोणी घंटा वाजवी, कोणी नगाऱ्यावर टिपरू मारी, कोणी प्रहराची पाटी दाखवून आत जाई. लोक पाहत ते हे. खरी करामत आत, पाठीमागच्या अंधारात होती.

आपल्याकडे लग्नमंडपात घटिकापात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना पाण्याने काळ मोजण्याची कल्पना नवी नाही: भोकाचे पात्र पाण्यात सोडावे, ते भरून बुडाले की एक घटका झाली. पण एवढ्याने चाक फिरत नाही. आणि पाण्याच्या प्रवाहावर नुसते चाक सोडले तर ते भरधाव सुटते, त्याला आकाशाची मंद, समान गती येत नाही. खायफंगच्या मनोऱ्यात सुमारे ११ फूट व्यासाचे एक उभे चाक होते आणि त्याच्या परिघावर ३६ पात्रे बसविलेली होती. शेजारच्या हौदातील पाण्याची पातळी सदैव एकच राखलेली असल्यामुळे त्याची धारही सदैव सारख्याच जोराने एका पात्रात पडे. पात्र भरेपर्यंत चाक जागचे हलत नसे, कारण एका तरफेने ते अडविलेले असे. पात्र भरून ठराविक वजन झाले की ते एकदम खाली कलंडे, त्याच्या धक्क्याने तरफ सुटे, तरफेला बांधलेली साखळी वरची अडसर क्षणभर उचली, चाक एक घर पुढे सरके, आणि पुढचे रिकामे पात्र धारेखाली येताच अडसर पुन्हा पडून चाक जखडले जाई. पाणी खालच्या टाकीत जमे, आणि माणसे रहाट फिरवून ते पुन्हा वर चढवीत. विसाव्या शतकात या यंत्राची पुनर्रचना करणाऱ्या इंग्रज अभियंत्याच्या हिशेबाने चाकाचे हे एकेक पाऊल २४ सेकंदांनी पडत असे. चिनी दिवसाचे १०० भाग, त्यांतील एका भागात चाकाचा एक फेरा, म्हणजे ३६ पावले, दिवसभरात ३,६००. आपल्या गणनेतही साठ घटका आणि घटकेची साठ पळे मिळून दिवसाची ३,६०० पळेच होतात. म्हणजे त्या मनोऱ्याच्या पोटात दर पळाला एक टोला पडत होता. हा योगायोग असेल. पण प्रथम हा गुणाकार केला तेव्हा मला तो मनोरा फार जवळचा वाटला.

गतीला क्षणोक्षणी अडवून आणि सोडून काळ मोजण्याची ही युक्ती हाच साऱ्या यांत्रिक घड्याळांचा प्राण आहे, आणि युरोपातील पहिली तशी घड्याळे यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी वाजू लागली. सू सुंगलाही ती अकस्मात सुचलेली नव्हती. ७२५ साली ई शिंग नावाच्या बौद्ध भिक्षूने आणि ल्यांग लिंग-त्सान या अधिकाऱ्याने असेच पाण्यावर चालणारे यंत्र थांग दरबारासाठी केले होते. त्याची कीर्ती एवढी झाली, की पुढे सरकारी परीक्षेला बसलेल्या उमेदवारांना त्यावर निबंध लिहावयास सांगण्यात आला. निबंध लिहिले गेले, आणि यंत्र गंजून एका कोपऱ्यात पडून राहिले. ९७९ च्या सुमारास स-छ्वानमधील चांग स-शुन याने दुसरे यंत्र उभारले आणि हिवाळ्यात पाणी गोठते म्हणून त्यात पारा वापरला. तो मेला, आणि यंत्राच्या दोऱ्या कुजल्या; दुरुस्त करणारा कोणी उरला नाही. ही हकीकत सू सुंगने आपल्या निवेदनात स्वतःच सांगितली आहे.

म्हणूनच त्याने ग्रंथ लिहिला असावा. मनोऱ्याचे वर्णन, त्याच्या भागांची मापे, अनेक आकृत्या आणि पाच नक्षत्रपट असलेला हा ग्रंथ १०९० नंतरच्या चार-पाच वर्षांत पुरा झाला. त्यातील नक्षत्रपट हे जगातील सर्वांत जुन्या छापील आकाशनकाशांत गणले जातात. मनोऱ्याचे दैव मात्र दरबाराच्या दैवाशी बांधलेले होते. १०९४ मध्ये दरबारातील पक्ष पालटला आणि आधीच्या कारकिर्दीची निशाणी म्हणून हा मनोराच मोडून टाकावा अशी भाषा सुरू झाली. तो वाचला तो थोडक्यात. ११२७ मध्ये उत्तरेकडील च्युर्चेन लोकांनी खायफंग जिंकले, सम्राटाला कैद केले, आणि लुटीच्या सामानाबरोबर हे यंत्रही सुटे करून आपल्या राज्यात, आजच्या पेकिंगच्या जागी नेले. तेथे ते जुळवले गेले. पण ते शहर खायफंगच्या उत्तरेस सुमारे ५ अंशांवर असल्यामुळे ध्रुवाची उंची जुळेना आणि वेध चुकू लागले. पुढे मनोऱ्यावर वीज पडली. १२१४ साली मोंगलांच्या भीतीने च्युर्चेन दक्षिणेकडे पळाले, तेव्हा एवढे अवजड धूड बरोबर नेणे त्यांना जमले नाही, आणि ते मागेच राहिले.

इकडे हांगचौला जाऊन बसलेल्या सुंग दरबाराने सू सुंगच्या मुलाला बोलावून वडिलांचे कागद धुंडाळण्यास सांगितले. तो वारस, कागद घरचे, आश्रय सम्राटाचा. तरीही यंत्र उभे राहिले नाही. झू शीसारख्या थोर तत्त्वज्ञानेही प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला. आकृतीत चाक दिसते, तरफेची लांबी वाचता येते. पण भरत आलेले पात्र नेमके कोणत्या वजनाला कलंडवावे, अडसर किती सैल ठेवावी, ही जाण त्या कारकुनाच्या आणि त्याच्या हाताखालच्या सुतार-ओताऱ्यांच्या बोटांत होती. त्या कारागिरांतून कोणतीही पेठ निर्माण झालेली नव्हती, कारण मनोऱ्याचे गिऱ्हाईक साऱ्या चीनमध्ये एकच होते.

याच्याशेजारी त्याच शतकातील दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. १०४१ ते १०४८ या वर्षांत बी शंग नावाच्या एका साध्या माणसाने मातीचे सुटे खिळे घडवून छपाईची रीत काढली. ओल्या मातीवर नाण्याच्या कडेएवढ्या जाडीचे अक्षर कोरावे, भाजून पक्के करावे, लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरून त्यात खिळे बसवावेत, आणि पत्रा तापवून ते सपाट दाबून घ्यावेत. ही सारी कृती शन ख्वोने नोंदवली, म्हणून आपल्याला कळते. बी शंगच्या मृत्यूनंतर त्याचे खिळे शन ख्वोच्या आप्तांकडे राहिले होते. सरकारने या माणसाची दखल घेतल्याचे कोठे दिसत नाही. हजारो अक्षरांच्या चिनी लिपीला सुटे खिळे तितकेसे मानवले नाहीत, आणि लाकडी ठशांचीच छपाई पुढे सातशे-आठशे वर्षे चालली. परंतु ती चालली हे महत्त्वाचे. सू सुंगच्याच फूच्येन प्रांतात च्यान-यांग गावी पिढीजात छापणाऱ्यांची दुकानेच्या दुकाने होती. एक पाट, एक चाकू, शाई आणि कागद एवढ्यावर धंदा उभा राही. वैद्यक, पंचांगे, परीक्षेची पुस्तके, कथा, जे खपेल ते छापले जाई. राज्ये बदलली, राजधान्या जळाल्या, पण दुकाने बंद पडली नाहीत, कारण त्यांचे गिऱ्हाईक सारा समाज होता. सू सुंगच्या ग्रंथालाही याच कलेने तारले: दक्षिण सुंग काळात तो पुन्हा छापला गेला, आणि त्या छापील प्रतीवरून सतराव्या शतकात छ्यान चंग नावाच्या एका पुस्तकवेड्या गृहस्थाने अक्षर-अक्षर आणि रेषा-रेषा जुळवून हुबेहूब नक्कल करविली.

चीनमध्ये विज्ञान का खुंटले, असा प्रश्न गेली शे-दीडशे वर्षे पंडित विचारीत आहेत, आणि कन्फ्यूशियसच्या शिकवणीपासून लिपीच्या अडचणींपर्यंत निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. मला तो प्रश्नच एवढ्या ठोकळ स्वरूपात मान्य नाही. कागद, छपाई, भट्टीतले ओतीव लोखंड, चिनी मातीची भांडी, रेशमाचे माग या विद्या तेथे खुंटल्या नाहीत. त्या हातोहात वाढल्या आणि जगभर गेल्या. खुंटले ते दरबाराच्या एका खोलीत, एकाच धन्यासाठी ठेवलेले ज्ञान. आणि ते खुंटले ते चिनी बुद्धी मंद झाली म्हणून नव्हे, तर धनी पडला की ते ज्ञान ज्याच्या घरी जाऊन राहील असा दुसरा कोणी उरू दिलेला नव्हता म्हणून. १३६८ साली मिंग घराण्याचा संस्थापक गादीवर आला, तेव्हा मोंगल बादशहांच्या वाड्यातील स्फटिकाचे, आपोआप घंटा वाजविणारे घटिकायंत्र ज्योतिष खात्याने त्याच्यापुढे हजर केले. राज्याची कामे सोडून असल्या खेळात मन घालणे त्याला पटले नाही, आणि त्याने ते फोडून टाकविले. फोडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता; शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला तो राजा प्रजेच्या पैशाची उधळपट्टी थांबवीत होता. पण दुसरे तसे यंत्र कोठेही नव्हते.

पुढची कथा गोव्यावरून जाते. इटलीतील मात्तेओ रिच्ची हा जेसुइट तरुण १५७८ मध्ये गोव्यास उतरला, तेथे त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला, आणि चार वर्षांनी तो मकावला रवाना झाला. १६०१ मध्ये तो पेकिंगला पोहोचला तेव्हा त्याच्या नजराण्यात स्वतः टोल देणारी दोन घड्याळे होती. बादशहा त्यांवर इतका खूश झाला, की चार खोजांना ती चालविण्याची विद्या शिकण्यासाठी तीन दिवस नेमून दिले. आणि घड्याळे बंद पडली तर काय, या धास्तीनेच जणू, त्या परक्या धर्मगुरूंना राजधानीत राहू देण्यात आले. चिनी लोकांनी त्या वस्तूला ‘आपोआप वाजणारी घंटा’ असे नाव दिले. त्याच शहराच्या आसपास चारशे वर्षांपूर्वी सू सुंगच्या बाहुल्या घंटा वाजवीत होत्या, याचे स्मरण दरबारात कोणाला झाल्याचे दिसत नाही. मात्र या वेळी विद्या वाड्यातच थांबली नाही. दक्षिणेकडील शहरांतले कारागीर घड्याळे उघडून, पाहून, स्वतः घडवू लागले, आणि शांघायच्या घड्याळजींनी रिच्चीला आपल्या धंद्याचा अधिष्ठाता देव मानून त्याची पूजा केली. पेठेने एखादी विद्या आपली म्हटली याची याहून स्पष्ट खूण मला दुसरी माहीत नाही.

सू सुंगचा मनोरा जगाला पुन्हा ठाऊक झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. ल्यू श्यान-चौ या चिनी अभियंत्याने जुन्या ग्रंथातील आकृत्यांकडे यंत्रशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले. केंब्रिजमध्ये जोसेफ नीडहॅम यांनी वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांच्यासह त्याचा तपशीलवार अर्थ लावून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधीच, १९५८ मध्ये, वांग चन-त्वो यांनी पेकिंगच्या संग्रहालयासाठी मूळ मनोऱ्याच्या एक पंचमांश मापाची प्रतिकृती तयार केली होती. ती ज्या आकृत्यांवरून झाली, त्या छ्यान चंगच्या नकलेतून आलेल्या होत्या.